गुणांची बेरीज आणि तुलना

लोणावळ्यात किती पाऊस पडला, असं कुणी सांगितलं की आपण लगेच विचारतो, किती दिवसांत? फुटबॉलच्या गुणांचंही तसंच आहे. मँचेस्टर सिटीचे 2017-18 चे 100 गुण 38 सामन्यांतले. तिसऱ्या श्रेणीतल्या बर्मिंगहॅमचे 2024-25 चे 111 गुण 46 सामन्यांतले. सामन्यामागे 2.63 आणि 2.41. इंग्लंडमध्ये 1981 पर्यंत विजयाला दोनच गुण मिळत. लिव्हरपूलचे 1978-79 चे 68 गुण आजच्या हिशेबाने 98 होतात. आपल्या पुणे एफसीने 2012-13 च्या आय-लीगमध्ये 26 सामन्यांत 52 गुण मिळवले, म्हणजे बरोबर 2. उद्या मावळातल्या पोरांनी दहा सामन्यांत पंचवीस केले, तर ती पुणे एफसीहून सरस ठरतील का? नाही. भागाकाराने सामने सारखे होतात, प्रतिस्पर्धी होत नाहीत. पण आपल्या बरोबरीच्यांत पोरं किती पुढे होती, हे तो आकडा खरंच सांगतो. तेवढा मान आपण त्यांना द्यायलाच हवा.