आठवणीतील दूरदर्शन : लहानपणीच्या आवडत्या कार्यक्रमांचे इतिहासमूल्य (१९७२ ते १९९२)

प्रस्तावना

महाराष्ट्रातील ज्या पिढीचे बालपण १९७२ ते १९९२ या दोन दशकांत गेले, तिच्या संभाषणात दूरदर्शनवरील जुन्या कार्यक्रमांचा विषय हमखास निघतो. अशा आठवणींकडे इतिहासाचे अभ्यासक सहसा गांभीर्याने पाहत नाहीत. गतकाळाविषयीचा जिव्हाळा एवढेच त्यांचे मोल मानले जाते. परंतु सामाजिक इतिहासाची साधने केवळ दप्तरखान्यात सापडतात असे नाही. मौखिक इतिहासाची अभ्यासशाखा प्रस्थापित झाल्यानंतर सामान्य माणसांच्या स्मृतीलाही साधनाचा दर्जा मिळाला आहे. लहानपणीच्या आवडत्या कार्यक्रमांच्या आठवणी या दृष्टीने तपासल्यास त्यांतून कोणता इतिहास हाती लागतो आणि कोणता निसटतो, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

कालखंड व भूगोल

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण दिल्ली येथे १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाले. देशातील दुसरे केंद्र मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी कार्यान्वित झाले. पुढच्याच वर्षी सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामुळे मुंबईचे कार्यक्रम पुणे परिसरात दिसू लागले. १९७६ साली दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले. १९८२ साली राष्ट्रीय कार्यक्रम व रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. १९९२ साली झी टीव्ही ही खासगी उपग्रह वाहिनी आली आणि एका वाहिनीचे युग संपले. येथे अभ्यासासाठी घेतलेला कालखंड तो हाच.

या सनावळीमागे एक भूगोल आहे आणि आठवणींचा अर्थ लावताना तो विसरून चालत नाही. सत्तरच्या दशकात मुंबई दूरदर्शन प्रत्यक्षात मुंबई, पुणे व त्यांच्या आसपासच्या प्रदेशापुरते मर्यादित होते. १९७५-७६ साली उपग्रहाद्वारे ग्रामीण भागात दूरचित्रवाणी नेण्याचा जो प्रयोग झाला, त्यात सहा राज्यांतील सुमारे २४०० गावे होती. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. राज्याच्या उर्वरित भागांत दूरदर्शन खऱ्या अर्थाने पोहोचले ते १९८४च्या सुमारास. त्या वर्षी काही महिने देशात दररोज सरासरी एक नवा प्रक्षेपक सुरू होत होता. यांपैकी बहुतेक प्रक्षेपक कमी शक्तीचे होते आणि प्रामुख्याने दिल्लीहून उपग्रहामार्गे येणारे कार्यक्रम ते दाखवीत.

त्यामुळे महाराष्ट्रात दूरदर्शनच्या दोन वेगवेगळ्या स्मृती घडल्या. मुंबई-पुण्यातील मुलांच्या आठवणींचा आरंभ सत्तरच्या दशकातील मराठी कार्यक्रमांपासून होतो. अनेक लहान शहरांतील व खेड्यांतील मुलांच्या आठवणी मात्र थेट 'हम लोग' किंवा 'रामायण' या हिंदी मालिकांपासून सुरू होतात. 'आपण सर्वांनी तेच पाहिले' हे विधान या कालखंडाविषयी वारंवार केले जाते. ते पूर्ण सत्य नाही.

आवडीची घडण

मुंबई केंद्राच्या पहिल्या दशकातील कार्यक्रमांचे वैविध्य लक्षणीय होते. लहान मुलांसाठी 'किलबिल', शेतकऱ्यांसाठी 'आमची माती आमची माणसं', समाजशिक्षणासाठी 'ज्ञानदीप', हलक्याफुलक्या नाट्यप्रवेशांसाठी 'गजरा', साहित्य व कला यांसाठी 'प्रतिभा आणि प्रतिमा', हिंदी चित्रपटगीतांसाठी 'छायागीत' अशी त्याची व्याप्ती होती. एकाच केंद्राला मराठीखेरीज इतर भाषांनाही वेळ द्यावा लागे. म्हणून 'संताकुकडी' हा गुजराती कार्यक्रम अनेक मराठी घरांत आवडीने पाहिला गेला. आज भाषेनुसार वाहिन्या विभागल्या गेल्या असताना हा अनुभव मुद्दाम नोंदवण्याजोगा ठरतो.

येथे आवड या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. आवड म्हणजे निवड असे आज आपण गृहीत धरतो. एका वाहिनीच्या काळात निवडीला फारसा वाव नव्हता. संच लावणे किंवा बंद ठेवणे एवढेच प्रेक्षकाच्या हाती असे. शेतीविषयक चर्चा, बातम्या आणि मुलाखती मुलांनी पाहिल्या त्या पुढील कार्यक्रमाची वाट पाहत. त्या प्रतीक्षेत पिकांवरील रोगांची, खतांच्या मात्रांची माहिती शहरी मुलांच्याही कानांवर पडली. आवडीच्या यादीत हे कार्यक्रम क्वचितच सापडतात, पण त्या पिढीच्या सामान्यज्ञानाचा काही भाग त्यांनी घडवला. पडद्यावर जे होते त्यातील फार थोडे स्मृतीने 'आवडते' म्हणून जपले आणि उरलेले वगळले.

साहित्य व दूरदर्शन यांचे नातेही या आठवणींतून उलगडते. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव व गुंड्याभाऊ मराठी वाचकांना कित्येक वर्षे परिचित होते. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांनी या भूमिका दूरदर्शनवर साकारल्या. त्यानंतर मोठ्या झालेल्या अनेकांनी पुस्तक नंतर वाचले आणि वाचताना त्यांच्या डोळ्यांपुढे याच दोन नटांचे चेहरे राहिले. रणजित देसाई यांच्या 'स्वामी' कादंबरीवरील मालिकेत रवींद्र मंकणी यांनी थोरल्या माधवरावांची भूमिका केली. पेशवाईचा एक चेहरा त्या पिढीच्या मनात या मालिकेने निश्चित केला. इतिहासाच्या अध्यापकांनी हे ध्यानात घ्यावे. विद्यार्थी वर्गात येतो तो भूतकाळाची तयार चित्रे मनात घेऊन, आणि ती सर्वच पाठ्यपुस्तकातून आलेली नसतात.

'हम लोग' या मालिकेचे उदाहरणही उद्बोधक आहे. ७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेली, मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली ही मालिका १५६ भागांची होती. मेक्सिकोतील प्रबोधनपर मालिकांच्या धर्तीवर कुटुंबनियोजन, स्त्रियांचा दर्जा आदी विषयांवर लोकशिक्षण घडवणे हा तिचा मूळ हेतू होता. भागाच्या शेवटी अशोककुमार प्रेक्षकांशी संवाद साधत. आज प्रेक्षकांच्या स्मरणात बडकी, छुटकी, नन्हे, लल्लू आणि दारूच्या आहारी गेलेले बसेसर राम आहेत. शासकीय हेतू विस्मरणात गेला आहे. धोरणाचा इतिहास आणि ग्रहणाचा इतिहास कसे भिन्न असू शकतात, याचा हा चांगला पुरावा होय.

साधनांची स्थिती

या स्मृतींचे महत्त्व वाढण्याचे आणखी एक कारण आहे. प्रारंभीच्या काळातील अनेक कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत आणि त्यांचे ध्वनिचित्रमुद्रण होत नसे. जे मुद्रित झाले, ते साठवण्यातही अडचणी होत्या. चित्रफिती महाग असल्याने त्या पुसून पुन्हा वापरण्याची पद्धत जगातील अनेक दूरचित्रवाणी संस्थांत रूढ होती. बीबीसीसारख्या साधनसंपन्न संस्थेनेही 'डॉक्टर हू' या लोकप्रिय मालिकेचे साठच्या दशकातील अनेक भाग अशा रीतीने गमावले. मुंबई केंद्राच्या पहिल्या दशकातील निर्मितीचाही मोठा भाग आज पाहावयास मिळत नाही. कार्यक्रम नष्ट झाला आणि प्रेक्षक हयात आहे, अशा स्थितीत प्रेक्षकाची साक्ष हेच प्रमुख साधन ठरते.

स्मृतीतील चुकांचे मोल

स्मृती चुकते, म्हणून ती अविश्वसनीय आहे, असा आक्षेप घेतला जातो. या आक्षेपाला इटालियन अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. तेर्नी या औद्योगिक नगरात लुईजी त्रास्तुल्ली या कामगाराचा मृत्यू १९४९ साली पोलिसांशी झालेल्या संघर्षात झाला. मात्र अनेक कामगारांनी तो १९५३ सालच्या कामगारकपातीच्या वेळी झाल्याचे सांगितले. पोर्तेल्ली यांनी ही चूक दुरुस्त करून सोडून दिली नाही. कामगारांच्या मनात त्या मृत्यूला कोणता अर्थ लाभला होता, हे त्यांनी त्या चुकीवरूनच दाखवून दिले.

हीच दृष्टी दूरदर्शनच्या आठवणींना लावता येते. रामानंद सागर यांचे 'रामायण' २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात प्रक्षेपित झाले आणि ते रंगीत होते. तरीही एखादी व्यक्ती ते कृष्णधवल म्हणून आठवत असेल, तर ती साक्ष चुकीची म्हणून टाकून देऊ नये. प्रक्षेपण रंगीत झाले तरी कृष्णधवल संच घराघरांत पुढे अनेक वर्षे होते. काहींनी पडद्यापुढे रंगीत प्लास्टिकचा पत्रा लावून रंगांची हौस भागवली. कार्यक्रमाविषयीची ही 'चूक' कुटुंबाच्या आर्थिक स्थितीविषयीची अचूक नोंद असते.

कोणाची स्मृती?

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मोरिस हाल्बवाक्स यांनी १९२५ साली असे प्रतिपादन केले की व्यक्तीची स्मृती समूहाच्या चौकटीतच आकार घेते. दूरदर्शनच्या संदर्भात ती चौकट अगदी मूर्त होती. वाड्यात, चाळीत किंवा आळीत एखाद्याच घरी संच असे. त्या काळी संचासाठी टपाल कार्यालयातून परवानाही घ्यावा लागे. शेजारची मुले त्या घरी जमत. या चित्राचे वर्णन बहुधा शेजारधर्माचा सुवर्णकाळ म्हणून केले जाते आणि त्यात तथ्यही आहे.

तथापि त्या खोलीत कोण कोठे बसले होते, हा प्रश्न इतिहासाने विचारलाच पाहिजे. खुर्चीवर कोण, सतरंजीवर कोण आणि खिडकीबाहेर उभे राहून कोण? संध्याकाळच्या कार्यक्रमांच्या वेळी स्वयंपाक कोणाकडे होता आणि रविवारी सकाळी 'रामायण' चालू असताना चुलीपाशी कोण होते? कोणाला घरात बोलावले गेले आणि कोणाला नाही? जात, वर्ग व लिंगभाव यांची उतरंड त्या खोलीतही होती. पूर्णिमा मंकेकर यांनी दिल्लीतील प्रेक्षकांच्या अभ्यासावर आधारलेला ग्रंथ १९९९ साली प्रसिद्ध केला. दूरदर्शन पाहणे ही कुटुंबातील स्त्रीच्या स्थानाशी निगडित क्रिया असल्याचे त्यांनी त्यात दाखवून दिले आहे. महाराष्ट्रातील गाव-शहरांविषयीही असा अभ्यास व्हावयास हवा. यजमान घरातील मुलाची आठवण आणि दारातून पाहणाऱ्या मुलाची आठवण एकाच कार्यक्रमाविषयी असली, तरी तो एकच इतिहास नव्हे.

पुनर्भेट

२०२० सालच्या टाळेबंदीत २८ मार्चपासून 'रामायण' पुन्हा प्रक्षेपित झाले आणि त्याला प्रचंड प्रेक्षकवर्ग लाभला. स्मृती व मूळ कृती यांची अशी सार्वत्रिक गाठ क्वचितच पडते. कार्यक्रम तोच होता. प्रत्येक जण आपापल्या घरी होता आणि शेजारी येऊ शकत नव्हते. अनेकांच्या मनात आठवण म्हणून जे टिकले होते, त्यात मालिकेइतकाच त्या भरलेल्या खोलीचा वाटा होता. फीत जपली गेली तरी तो भाग तिच्यात सापडत नाही.

निष्कर्ष

लहानपणीच्या आवडत्या कार्यक्रमांची स्मृती हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचे उपयुक्त साधन आहे. मात्र तिचा उपयोग प्रक्षेपणाचा भूगोल, संचाची मालकी आणि घरातील स्थान यांच्याशी ताडून पाहूनच करावा लागेल. तसे न केल्यास मुंबई-पुण्यातील मध्यमवर्गाची आठवण साऱ्या महाराष्ट्राची म्हणून नोंदली जाण्याचा धोका संभवतो.

१९७२ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज साठी ओलांडून गेले आहे. त्या वेळचे प्रौढ प्रेक्षक, विशेषतः कामे आवरून शेवटी येऊन दाराशी टेकणाऱ्या स्त्रिया, दरवर्षी कमी होत आहेत. या साक्षी नोंदवून घेण्यास मोठ्या निधीची वा उपकरणांची आवश्यकता नाही. महाविद्यालयांच्या इतिहास, समाजशास्त्र व मराठी विभागांनी पदवी स्तरावरील प्रकल्पांतून आपल्या परिसरातील दहा-वीस व्यक्तींच्या मुलाखती घेतल्या, तरी काही वर्षांत तालुकानिहाय संग्रह उभा राहू शकेल. मुलाखतीचा आरंभ 'आपला आवडता कार्यक्रम कोणता?' या प्रश्नाने अवश्य करावा. त्यानंतर 'तो आपण कोणाच्या घरी पाहिला आणि कोठे बसून पाहिला?' हेही विचारावे.