विद्यापीठीय ग्रंथालये व इलेक्ट्रॉनिक साधने

उच्च शिक्षण व संशोधन यांसाठी लागणारी नियतकालिके, ग्रंथ व प्रबंध संगणकाद्वारे वाचकांस उपलब्ध करून देण्याची व्यवस्था भारतीय विद्यापीठांत मुख्यतः १९९० नंतर विकसित झाली. तत्पूर्वी ग्रंथालयाची योग्यता त्यातील संग्रहावरून ठरविली जाई. परदेशी शास्त्रीय नियतकालिकांच्या वाढत्या किंमती व रुपयाची घसरण यांमुळे अनेक ग्रंथालयांना वर्गण्या बंद कराव्या लागल्या. अंकांच्या संचात पडलेला खंड पुढे भरून काढणे कठीण होई आणि त्याची झळ संशोधकांस पोहोचे.

या अडचणीवर उपाय म्हणून परस्परसहकार्याचा मार्ग पुढे आला. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ मध्ये ‘इन्फ्लिबनेट’ हा प्रकल्प हाती घेतला. प्रारंभी तो पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेच्या आश्रयाखाली होता. १९९६ मध्ये त्याचे स्वतंत्र आंतरविद्यापीठीय केंद्र झाले. हे केंद्र प्रथम अहमदाबाद येथे होते व नंतर गांधीनगर येथे हलविण्यात आले. विद्यापीठांच्या संग्रहांची संयुक्त तालिका करणे व ग्रंथालयांसाठी संगणकप्रणाली पुरविणे, ही त्याची आरंभीची कामे होत. २००४ पासून विद्यापीठांना सामुदायिक वर्गणीतून इलेक्ट्रॉनिक नियतकालिके मिळू लागली. महाविद्यालयांसाठी ‘एन-लिस्ट’ ही योजना २०१० मध्ये सुरू झाली. अशा निरनिराळ्या योजना २०१५ मध्ये ‘ई-शोधसिंधू’ या नावाने एकत्र करण्यात आल्या.

या बदलामुळे ग्रंथालयाच्या मालकीचे स्वरूपच पालटले. छापील अंक एकदा विकत घेतला, की तो ग्रंथालयाचा होई. वर्गणी थांबली तरी जुने अंक कपाटात राहत. इलेक्ट्रॉनिक नियतकालिकाच्या बाबतीत बहुधा केवळ वापराचा परवाना मिळतो. करारात कायम वापराची तरतूद नसल्यास वर्गणी संपताच जुने अंकही दुरावतात. पूर्वी बाहेरचा अभ्यासकही परवानगीने वाचनकक्षात बसून अंक वाचू शके. आता त्याचा प्रवेश करारातील अटींवर अवलंबून असतो. साहजिकच तालिकाकरण व देवघेव यांबरोबरच करारांच्या अटी तपासणे, वापराची आकडेवारी ठेवणे आणि वाचकांस शोधपद्धतींचे शिक्षण देणे, ही कामेही ग्रंथपालाकडे आली.

प्रकाशकांवरील अवलंबन कमी करणारा दुसरा प्रवाह मुक्त संग्रहांचा होय. आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी पीएच्.डी. प्रबंधांची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करण्याची तरतूद केली व त्यांतून ‘शोधगंगा’ हा सर्वांस खुला असलेला संग्रह वाढीस लागला.

केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद असलेल्या या योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके समाविष्ट असून तिची कार्यवाही इन्फ्लिबनेटकडे सोपविण्यात आली. तिचा प्रारंभ केंद्र व राज्य शासनांच्या उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्र शासनाच्या संशोधनसंस्था यांपासून झाला. लहान गावातील शासकीय महाविद्यालयास मोठ्या विद्यापीठाच्या तोडीची साधने मिळण्याची शक्यता तीमुळे निर्माण झाली. तथापि वर्गणीच्या मुदतीनंतरही ही साधने हाती राहणे आणि संस्थेबाहेरील अभ्यासकास ती मिळणे, हे प्रश्न केवळ खर्चाची तरतूद करून सुटणारे नाहीत.