चालत्या श्रोत्याचा वाटाड्या

गाव दाखविणारा वाटाड्या हा माणूसच असला पाहिजे, या समजुतीला १९५२ साली धक्का बसला. त्या वर्षी ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात प्रेक्षकांच्या कानी नभोलहरींवरून निवेदन पोचविण्यात आले. मात्र ते सर्वांना एकाच वेळी ऐकू येई. त्यामुळे सारा समुदाय कवायतीप्रमाणे एकदमच पुढे सरके. आज भ्रमणध्वनीवरचे निवेदन पायी हिंडणाऱ्याला हवे तेथे थांबविता येते, आणि खरी सोय हीच होय.

गोव्यात डिचोली तालुक्यातील नार्वे येथे याचा प्रत्यय यावा. श्रीसप्तकोटेश्वराच्या देवळाचा घुमट नि दीपमाळ डोळ्यांना दिसतात. शिवाजी महाराजांनी १६६८ साली केलेल्या जीर्णोद्धाराचा शिलालेखही तेथे आहे. दिसत नाही ती नदीपलीकडची हकीकत. कदंब राजांचे हे दैवत मूळचे दिवाडी बेटावरचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडले, आणि लिंग पाणी ओलांडून ऐलतीरी आणले गेले. एवढे ऐकल्यावर निवेदन बंद करून श्रोत्याने घटकाभर नदीकाठी उभे राहावे.

पेडण्यास निवेदकाला काम थोडे. भगवतीच्या दारातील दोन भव्य दगडी हत्ती कोणीही न सांगता दिसतात. सांगावयाचे ते इतकेच, की पेडणे सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांच्या हाती गेले ते १७८८ साली. तोवर देवळे पाडण्याचा त्यांचा आवेश ओसरला होता. दिवाडीवर मात्र पाहण्यापेक्षा ऐकण्यासारखेच अधिक उरले आहे.