ट्रॅकर संगीत आणि कमांड-लाइन प्लेअर : एका डिजिटल साधनाच्या वाचनाचा इतिहास

प्रस्तावना

इतिहासलेखनात साधनांना अनन्यसाधारण महत्त्व आहे. साधन टिकले म्हणजे इतिहास टिकला, अशी सर्वसाधारण समजूत असते. मोडी कागदपत्रांवर काम करणाऱ्या अभ्यासकाला मात्र या समजुतीची मर्यादा चांगलीच ठाऊक असते. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तराचे रुमाल कितीही सुस्थितीत असले, तरी मोडी वाचणारा उपलब्ध नसेल तर ते अभ्यासकापुरते मुकेच राहतात. विसाव्या शतकाच्या अखेरीस निर्माण झालेल्या डिजिटल साधनांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. तेथे वाचणारी एक संगणकीय आज्ञावली असते आणि अशा आज्ञावलीचे आयुष्य पुष्कळदा कागदापेक्षाही अल्प ठरते.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार ट्रॅकर संगीत या एका मर्यादित उदाहरणाच्या आधारे केला आहे. १९८७ नंतर युरोपात विकसित झालेला हा संगीतप्रकार आजही ऐकता येतो, याचे श्रेय बव्हंशी काही साध्या, मुक्त स्वरूपाच्या प्लेअर आज्ञावलींना जाते. या फाइलींची रचना, त्यांचा प्रसार, कमांड-लाइन प्लेअरचे कार्य आणि इतिहासाच्या अभ्यासकाने त्यातून घ्यावयाचा बोध, असा लेखाचा क्रम आहे.

ट्रॅकर फाइलचे स्वरूप

कमोडोर कंपनीने १९८५ मध्ये अमिगा हा संगणक बाजारात आणला. त्यातील ‘पाउला’ नावाची चिप एकाच वेळी चार वाहिन्यांवर ८ बिट दर्जाचे ध्वनिनमुने वाजवू शकत असे. त्यांपैकी दोन वाहिन्या डाव्या व दोन उजव्या बाजूस जोडलेल्या होत्या. या यंत्रासाठी जर्मन संगीतकार व प्रोग्रामर कार्स्टन ओबार्स्की यांनी १९८७ मध्ये ‘अल्टिमेट साउंडट्रॅकर’ ही आज्ञावली तयार केली. व्यापारी उत्पादन म्हणून तिला फारसे यश लाभले नाही. तथापि हौशी प्रोग्रामरांनी तिची यंत्रभाषा उलगडून सुधारित आवृत्त्या काढल्या. १९८९ मधील ‘नॉइजट्रॅकर’ आणि १९९० मधील ‘प्रोट्रॅकर’ या त्यांपैकी विशेष प्रसिद्ध होत.

या आज्ञावलींतून निर्माण होणाऱ्या फाइलला ‘मॉड्यूल’ असे म्हणतात. तिचे वैशिष्ट्य समजण्यासाठी अन्य दोन प्रकारांशी तुलना करणे उपयुक्त ठरेल. मिडी फाइलमध्ये मुख्यतः कोणता स्वर कधी वाजवावा याची सूचना असते. प्रत्यक्ष वाद्याचा आवाज बाहेरून घ्यावा लागतो. ध्वनिमुद्रणाच्या फाइलमध्ये केवळ अंतिम ध्वनी असतो, स्वरलेखन नसते. मॉड्यूलमध्ये ही दोन्ही अंगे एकत्र नांदतात. वाद्यांचे छोटे ध्वनिनमुने आणि ते केव्हा, कोणत्या स्वरात, कोणत्या परिणामासह वाजवावेत याची सविस्तर सारणी एकाच फाइलमध्ये असते. ही सारणी पडद्यावर वरून खाली सरकत जाते. तिचा एक खंड ६४ ओळींचा असून चार वाहिन्यांच्या प्रत्येक नोंदीस ४ बाइट लागतात. म्हणजे एका खंडास अवघे १,०२४ बाइट पुरतात. सीडीच्या दर्जाच्या एका मिनिटाच्या ध्वनीस सुमारे १ कोटी ६ लाख बाइट लागतात आणि अमिगाच्या फ्लॉपीची क्षमता ८८० किलोबाइट होती, हे लक्षात घेतल्यास या काटकसरीचे महत्त्व ध्यानी येते.

प्रसार आणि संग्रह

या संगीताचा प्रसार ‘डेमोसीन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हौशी संगणककलेच्या चळवळीतून झाला. फ्लॉपींची टपालाने होणारी देवाणघेवाण, दूरध्वनीने जोडली जाणारी बुलेटिन बोर्डे आणि प्रत्यक्ष संमेलने ही तिची माध्यमे होती. फिनलंडमधील ‘असेम्ब्ली’ हे संमेलन १९९२ पासून भरू लागले. १९९३ च्या संमेलनात ‘फ्यूचर क्रू’ या गटाच्या ‘सेकंड रिअ‍ॅलिटी’ या कृतीने प्रथम क्रमांक मिळविला. तोपर्यंत या कलेचे केंद्र अमिगाकडून आयबीएम पद्धतीच्या वैयक्तिक संगणकाकडे सरकू लागले होते. १९९४ मध्ये कमोडोर कंपनी दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी ‘स्क्रीम ट्रॅकर ३’ व ‘फास्ट ट्रॅकर २’, तर १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियातील जेफ्री लिम यांचा ‘इम्पल्स ट्रॅकर’ पुढे आला. प्रत्येकाने स्वतःची फाइलपद्धती निर्माण केली.

संग्रहाची व्यवस्थाही हौशी व्यक्तींनीच उभारली. १९९२ पासूनचे ‘अ‍ॅमिनेट’ आणि १९९६ मध्ये सुरू झालेले ‘मॉड आर्काइव्ह’ ही त्याची ठळक उदाहरणे होत. शासकीय मान्यता मात्र फार उशिरा आली. फिनलंडने २०२० मध्ये आणि जर्मनीने २०२१ मध्ये डेमोसीनचा समावेश आपापल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय सूचीत केला. तोवर मूळ यंत्राचे उत्पादन थांबून कित्येक वर्षे लोटली होती.

कमांड-लाइन प्लेअरचे कार्य

मूळ यंत्र नाहीसे झाल्यावर त्याच्या फाइली वाचणार कोण, या प्रश्नाचे उत्तर प्लेअर आज्ञावलींनी दिले. नेदरलँड्समधील एका प्रोग्रामरपासून सुरुवात झालेले ‘मिकमॉड’, क्लाउदिओ मात्सुओका व सहकाऱ्यांनी १९९६ पासून विकसित केलेले ‘एक्सएमपी’ आणि ‘ओपनएमपीटी’ प्रकल्पातील ‘ओपनएमपीटी१२३’ ही यांतील प्रमुख नावे होत. ‘यूएडीई’ या आज्ञावलीची पद्धत निराळी आहे. ती अमिगाचे यंत्रच आभासी स्वरूपात उभे करते आणि त्यात मूळ वादनसंहिता चालविते. ज्या फाइलपद्धतींचे नियम कोठेही लिहिलेले नाहीत, त्यांच्यासाठी हा मार्ग विशेष उपयोगी पडतो.

या आज्ञावलींचा वापर सोपा आहे. टर्मिनलच्या पडद्यावर प्लेअरचे नाव टंकित करावे, एक जागा सोडून फाइलचे नाव लिहावे आणि एंटर कळ दाबावी, की वादन सुरू होते. पडद्यावर रचनेचे शीर्षक, फाइलचा प्रकार, खंडांची व वाद्यांची संख्या ही माहिती उमटते. एक्सएमपीमध्ये वादन चालू असताना अंककळ दाबली, की त्या क्रमांकाची वाहिनी बंद वा सुरू होते. त्यामुळे चार वाहिन्यांच्या रचनेतील केवळ खर्ज किंवा केवळ तालवाद्य वेगळे काढून ऐकता येते. ध्वनिमुद्रिकेत असे पृथक्करण सहजासहजी शक्य नसते. ओपनएमपीटी१२३ ला, वादन न करता, केवळ फाइलची माहिती देण्याची सूचनाही करता येते. हे उत्तर साध्या मजकुराच्या रूपात असल्याने शेकडो फाइलींची सूची एका आज्ञेत तयार करून जतन करता येते. संग्रहपालाच्या दृष्टीने ही सोय मोलाची आहे.

खिडक्या, चित्रे व बटणे यांचा आधार न घेतल्यामुळे या आज्ञावली नव्या संगणकांवर नेणे तुलनेने सुकर झाले. शिवाय त्यांची मूळ संहिता खुली असल्याने एकाने सोडलेले काम दुसऱ्यास पुढे नेता आले. त्यांच्या दीर्घायुष्याची ही दोन प्रमुख कारणे दिसतात.

वाचनातील मतभेद

येथे एक महत्त्वाचा पद्धतिशास्त्रीय प्रश्न उपस्थित होतो. प्लेअर हा फाइलचा तटस्थ वाहक आहे काय? पुढील तीन उदाहरणांवरून तसे म्हणता येत नाही.

पहिले उदाहरण गतीचे. प्रोट्रॅकरमध्ये कालमापनाच्या दोन पद्धती होत्या. एक पडद्याच्या स्पंदनावर आधारित होती, तर दुसरी स्वतंत्र कालमापकावर. गतीविषयक आज्ञेतील ३२ किंवा त्याहून मोठी संख्या दुसऱ्या पद्धतीत लयीची निदर्शक ठरते, तर पहिल्या पद्धतीत ती एका ओळीस लागणाऱ्या स्पंदनांची संख्या मानली जाते. रचना कोणत्या पद्धतीने बांधली, याची नोंद फाइलमध्ये नसते. चुकीचा अर्थ लावल्यास तीच रचना ओळखू न येण्याइतकी बदलते. म्हणूनच एक्सएमपीमध्ये स्पंदनपद्धती सक्तीने लागू करण्याची वेगळी सूचना ठेवली आहे. युरोपीय यंत्राचा पडदा सेकंदाला ५० वेळा, तर अमेरिकी यंत्राचा ६० वेळा उजळत असे. त्यामुळे प्रत्येक ओळीस सहा स्पंदने धरल्यास स्पंदनपद्धतीतील ६४ ओळींचा खंड युरोपात ७.६८ सेकंदांत, तर अमेरिकेत ६.४ सेकंदांत संपे.

दुसरे उदाहरण ओळखचिन्हाचे. ३१ वाद्यांच्या फाइलमध्ये १,०८० बाइटनंतर ‘एम.के.’ ही चार बाइटची खूण सामान्यतः आढळते. ओबार्स्की यांच्या मूळ १५ वाद्यांच्या फाइलमध्ये अशी कोणतीच खूण नाही. प्लेअरला आतील आकडे तपासून अनुमान करावे लागते. खुद्द या खुणेच्या अर्थाविषयीही मतभेद आहेत. काहींच्या मते ती नॉइजट्रॅकरचे कर्ते ‘महोनी’ आणि ‘काक्टस’ यांची आद्याक्षरे होत. तर दुसऱ्या मतानुसार ती ‘डी.ओ.सी.’ गटातील एका प्रोग्रामरच्या नावाची आहेत. शिलालेखातील नाममुद्रेवरून होणाऱ्या वादांची येथे आठवण होते.

तिसरे उदाहरण ध्वनीच्या विभागणीचे. अमिगावर डावी व उजवी बाजू पूर्णतः विभक्त होती. हेडफोनवर हे वादन कानांस खटकते, म्हणून बरेच प्लेअर दोन्ही बाजू काही प्रमाणात मिसळतात. परिणामी ऐकणाऱ्यास सुखद वाटणारे वादन मूळ यंत्राच्या वादनापासून दूर जाते.

सारांश, प्लेअर म्हणजे एक प्रकारचा संपादक होय. मोडीतील संदिग्ध अक्षराचे दोन वाचक दोन प्रकारे वाचन करतात, तसेच येथेही घडते.

वाद्यांच्या नावांतील इतिहास

फाइलमध्ये प्रत्येक ध्वनिनमुन्याच्या नावासाठी २२ अक्षरांची जागा राखलेली असते. ३१ नमुन्यांची मिळून ही जागा ६८२ अक्षरांची होते. अनेक संगीतकारांनी तेथे वाद्याचे नाव न लिहिता स्वतःचे टोपणनाव, टपालाचा पत्ता, मित्रांना अभिवादन अथवा नमुने न उचलण्याची विनंती लिहिली. ग्रंथाच्या शेवटी लेखनिकाने लिहिलेल्या पुष्पिकेशी याचे साम्य आहे. रचना केवळ ध्वनिमुद्रणात रूपांतरित करून ठेवली, तर हा सारा मजकूर कायमचा नष्ट होतो. म्हणून ध्वनिमुद्रण हे मूळ फाइलचा पर्याय ठरू शकत नाही.

आपल्या संदर्भात

ट्रॅकर संगीत ही परकीय चळवळ असली, तरी तिने उपस्थित केलेला प्रश्न आपल्या महाविद्यालयांच्याही दाराशी आहे. युनिकोडचा वापर रुळण्यापूर्वी पुष्कळसा मराठी मजकूर विशिष्ट फाँटमध्ये टंकित होत असे. त्या फाइलींमध्ये मराठी अक्षरांच्या आकृती रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर बसविलेल्या असत. तो फाँट नसलेल्या संगणकावर अशी फाइल उघडल्यास निरर्थक रोमन अक्षरांची ओळ दिसते. शोधनिबंध, नियतकालिके व स्थानिक इतिहासाची टिपणे अशा रूपात पडून असतील, तर फाइल शाबूत असूनही साधन हरवल्यासारखेच होय. डेमोसीनच्या हौशी कार्यकर्त्यांनी कोणत्याही अनुदानाची वाट न पाहता फाइल आणि तिचा वाचक ही दोन्ही जपली. आपण निदान कोणत्या फाँटमध्ये व कोणत्या आज्ञावलीत मजकूर लिहिला, एवढी नोंद तरी फाइलसोबत ठेवली पाहिजे.

निष्कर्ष

१. ट्रॅकर फाइल हे स्वरलेखन व ध्वनी यांचे संयुक्त साधन असून वाचणाऱ्या आज्ञावलीवाचून ते अपूर्ण आहे.

२. मूळ यंत्राच्या अस्तानंतर हे साधन वाचनीय ठेवण्यात खुल्या संहितेच्या कमांड-लाइन प्लेअरचा वाटा मोठा आहे.

३. प्रत्येक प्लेअर फाइलचा काही अर्थ लावतो. अभ्यासकाने अशा साधनाचा हवाला देताना प्लेअरचे नाव, आवृत्ती व दिलेल्या सूचना यांची नोंद करणे आवश्यक आहे.

४. डिजिटल साधनाचे जतन म्हणजे फाइल आणि तिचा वाचक या दोहोंचे जतन होय. इतिहास विभाग, ग्रंथालय व संगणक विभाग यांनी हे काम एकत्र येऊन हाती घ्यावे. जुन्या फाँटमधील मजकूर वाचू शकणारे संगणक व त्यांची माहिती असलेल्या व्यक्ती उपलब्ध आहेत, तोवरच ते शक्य आहे.