अमेरिकन टीकेची वाटचाल

राष्ट्राला स्वतःचे वाङ्मय असावे लागते, हे सर्वमान्य आहे. त्या वाङ्मयाची पारख करणारी दृष्टीही स्वतःचीच असावी लागते, हे मात्र उशिरा कळते. अमेरिकन टीकेचा इतिहास पाहताना आम्हांला हेच प्रकर्षाने जाणवते.

१८२० साली सिडनी स्मिथ या इंग्रज लेखकाने ‘एडिंबरो रिव्ह्यू’त, अमेरिकन पुस्तक वाचतो तरी कोण, असा खोचक प्रश्न केला. स्वातंत्र्याच्या घोषणेस चव्वेचाळीस वर्षे लोटली होती; पण अभिरुचीची सनद अजून परदेशातूनच येत होती. १८३७ मध्ये इमर्सनने हार्वर्ड येथील व्याख्यानात या परावलंबनाविरुद्ध आवाज उठविला. १८४२ मध्ये पो याने हॉथॉर्नच्या कथांचे परीक्षण करताना परिणामाच्या एकतेचा निकष मांडला.

तरीही पारख चुकलीच. मेल्व्हिलची ‘मोबी डिक’ १८५१ साली निघाली. १८९१ मध्ये तो वारला, तेव्हा लोक त्याला बहुतांशी विसरले होते. १९२१ साली रेमंड वीव्हरने त्याचे चरित्र लिहिले, आणि १९४१ मध्ये मॅथिसनने ‘अमेरिकन रेनेसान्स’ या ग्रंथात त्याला इमर्सन, थोरो, हॉथॉर्न व व्हिटमन यांच्या पंक्तीस बसविले. हा न्याय खरा. पण तो पाहावयास लेखक उरला नव्हता.

त्याच १९४१ साली रॅन्समचे ‘द न्यू क्रिटिसिझम’ प्रसिद्ध झाले. कवीचे चरित्र बाजूस ठेवून संहिताच बारकाईने वाचावी, हा या पंथाचा आग्रह. ब्रुक्स व वॉरन यांच्या १९३८ च्या ‘अंडरस्टँडिंग पोएट्री’ने तो वर्गावर्गांत नेला. १९४४ च्या कायद्यान्वये सरकारी खर्चाने शिकावयास आलेल्या माजी सैनिकांनाही ही पद्धत सोयीची होती; घरी ग्रंथसंग्रह नसलेल्यालाही समोरची कविता पुरत असे.

परंतु इतिहास वगळला की काही माणसेही वगळली जातात. गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसचे १८४५ चे आत्मचरित्र दीर्घकाळ वाङ्मयेतिहासाच्या कडेलाच राहिले. नागरी हक्कांच्या चळवळीनंतर कृष्णवर्णीय अभ्यासकांनी हा प्रश्न धसास लावला. हेन्री लुई गेट्स यांच्या १९८८ च्या ‘द सिग्निफाइंग मंकी’ने तर त्या परंपरेतूनच टीकेची तत्त्वे शोधली.

परक्यांनी आपली उपेक्षा केली, ही तक्रार सोपी असते. आपण आपल्यांपैकी कोणाची केली, हे विचारू लागल्यावरच टीका वयात येते, असे आम्हांस वाटते.