व्यासपीठ, स्टेज आणि माईक

विद्रोही कवितेने मराठीला नवे शब्द दिले, असे वर्गात सांगितले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. बोलण्याचा अधिकार कोणाला, हा त्याआधीचा प्रश्न होय. आणि आमच्या खानदेशात तो फार स्पष्टपणे विचारला गेला आहे.

तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहादा तालुक्यात (१९९८ पासून तो नंदुरबार जिल्ह्यात आहे) जमिनी गमावलेले भिल्ल १९७० नंतर संघटित होऊ लागले. त्यांचे पुढारी अंबरसिंग सुरतवंती हे मूळचे भजन गाणारे. १९७२ मध्ये तेथे श्रमिक संघटना उभी राहिली. भिली आणि मराठी अशा दोन्ही भाषांत लिहिणारे कवी वाहरू सोनवणे हे याच संघटनेचे कार्यकर्ते. त्यांचा ‘गोधड’ हा संग्रह १९८७ चा, आणि सर्वांत गाजलेली कविता ‘स्टेज’. आदिवासी खाली बसलेले, आणि त्यांचे दुःख त्यांनाच समजावून सांगणारे वर बसलेले, एवढाच तिचा विषय.

या शीर्षकापाशी थोडे थांबावे. ‘व्यासपीठ’ या प्रमाण शब्दात व्यासांचे आसन आहे, पुराण सांगणाऱ्याचा मान आहे. सभेला जाणारा शेतमजूर मात्र ‘स्टेज’ म्हणतो. संस्कृतातून आलेल्या शब्दापेक्षा इंग्रजीतून आलेला शब्द त्याच्या तोंडी अधिक रुळला, यातच आपल्या समाजाचा इतिहास आहे.

१९७२ हेच साल दलित पँथरचे आणि नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’चे. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये हिपहॉपचा आरंभ झाला, असे मानतात. पँथरने नाव अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चळवळीवरून घेतले. हिपहॉपशी तिचा संबंध नव्हता. तरीही दोन्हीकडे वस्तीची बोली, ती सभ्य करून न घेता, साहित्यात आणि गाण्यात आली.

मुंबईत आरेच्या जंगलातील झाडे ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी तोडली गेली. या जंगलाच्या प्रश्नावरील गाण्यात ‘स्वदेशी’ या रॅप-गटाने आरेच्या पाड्यावरील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांनाच गायला घेतले. ‘स्टेज’मधील प्रश्नाला दिलेले हे एक उत्तर आहे, असे आम्हांस वाटते. माईक त्याच्याच हाती आहे.

आमच्याकडे काय स्थिती आहे? २०११ च्या जनगणनेत भिली-भिलोडी बोलणारे देशभरात १ कोटीहून अधिक होते, तर खानदेशी (अहिराणी) बोलणारे सुमारे १८ लाख. दोन्ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाहीत. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. त्या निरक्षर होत्या. त्यांच्या ओव्या इतरांनी लिहून घेतल्या म्हणून १९५२ मध्ये त्या पुस्तकरूपाने आल्या. त्याच विद्यापीठाच्या परिसरात विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत अहिराणी वा भिली शब्द आला, तर त्याखाली तांबडी रेघ ओढायची की तो शब्द समजून घ्यायचा, हे आम्हां शिकवणाऱ्यांनाच ठरवावे लागेल.