वर्दी खुंटीवर असताना

गावात मारामारी झाली आणि त्यात खात्यातला एखादा माणूस असला, की पारावर एक वाक्य हमखास ऐकू येतं : "त्याला काय होतंय, तो पोलीस आहे." लगेच दुसरा म्हणतो, "उलट त्याचीच नोकरी जाणार बघ." मी मोडनिंबचाच. सोलापूर ग्रामीण दलात शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार म्हणून बाहेर पडलो. मधली काही वर्षं कोर्ट पैरवीला होतो, त्यामुळे कलमं वाचायची सवय लागली. माझ्या मते पारावरची दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत. घरी असलेल्या पोलिसाने जिवावर आलं म्हणून हात उचलला, तर कायदा त्याला कुठवर साथ देतो? या प्रश्नाचा इतिहास ठाण्यात नाही, गावच्या चावडीत सुरू होतो.

आमच्या माढा तालुक्यात, आणि सगळ्या देशावरच, गावाची राखण पाटलाकडे असे. हाताखाली रामोशी, महार असे वतनदार. 1867 साली मुंबई सरकारने एकापाठोपाठ दोन कायदे केले. सातव्या क्रमांकाचा जिल्हा पोलिसांचा, आठव्या क्रमांकाचा गाव पोलिसांचा. आठव्याने पोलीस पाटलाला कागदावर आणलं. त्याला ना वर्दी, ना पाळी, ना सुटी. रात्री त्याच्याच वाड्यात चोर शिरले आणि त्याने काठी चालवली, तर ती पाटील म्हणून चालवली की घरधनी म्हणून, असं विचारण्याची कुणाला गरज पडली नाही. पुढे वंशपरंपरेची पाटीलकी गेली, 1967 च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस कायद्याने नेमणुकीचा पोलीस पाटील आला. पण चोवीस तास गावातच राहणारा आणि चोवीस तास जबाबदार असलेला माणूस, ही कल्पना तशीच राहिली. पगारी पोलिसाच्या मानगुटीवरही तीच बसली.

1861 चा पोलीस कायदा सरळ सांगतो की प्रत्येक पोलीस अधिकारी सदैव कामावर असल्याचं मानलं जाईल. आपल्याकडे 1951 साली मुंबई शहराचा 1902 चा आणि जिल्ह्यांचा 1890 चा असे दोन्ही पोलीस कायदे एकत्र करून मुंबई पोलीस कायदा झाला. आता त्याला महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात. त्याचं 28 वं कलम तेच बोलतं, पण दोन अटी घालून. पोलीस रजेवर नसावा आणि निलंबित नसावा. अशा प्रत्येकाला 'या कायद्याच्या सर्व प्रयोजनांसाठी' सदैव कामावर मानायचं, आणि त्याला राज्यात कुठेही पाठवता येईल. या कलमाचा दुसरा भाग मोडनिंबकरांना पुस्तक न उघडता माहीत आहे. आषाढी आली की कुठल्या कुठल्या जिल्ह्यांचे पोलीस पंढरपूरच्या बंदोबस्तासाठी आमच्या रस्त्याने जातात, ते याच कलमामुळे.

पहिला भाग मात्र पोलिसांनाही नीट माहीत नसतो. बऱ्याच शिपायांना वाटतं, सदैव कामावर म्हणजे सदैव अधिकार. तसं नाही. 'या कायद्याच्या प्रयोजनांसाठी' हे शब्द पाहा. हे कलम पोलिसावर जबाबदारी टाकतं. डोळ्यांदेखत दखलपात्र गुन्हा होत असेल तर तो रोखायचा, आणि मान फिरवली तर जाब द्यायचा. याच कायद्याचं 145 वं कलम भेकडपणा हा गुन्हा मानतं, तीन महिन्यांपर्यंत कैद सांगतं. शेजारचा शेतकरी मारामारी पाहून घरात शिरला तर त्याला कुणी तुरुंगात घालत नाही. पोलिसाला पाय काढता येत नाही. पण मारण्याचा जास्तीचा हक्क? तो या कायद्यात कुठेच नाही. तो शोधायला दुसरं पुस्तक उघडावं लागतं, आणि त्या पुस्तकात पोलीस आणि शेतकरी एकाच रांगेत उभे आहेत.

ते पुस्तक म्हणजे 1860 ची भारतीय दंडसंहिता, कलमं 96 ते 106. मसुदा मेकॉलेच्या आयोगाने 1837 सालीच तयार केला होता. इथली माणसं अन्याय मुकाट सोसतात, तेव्हा स्वसंरक्षणाचा हक्क आखडता ठेवण्यापेक्षा लोकांना थोडी हिंमत द्यावी, असा आयोगाचा विचार त्या मसुद्याच्या टिपणांत दिसतो. म्हणून हक्क ऐसपैस आहे. स्वतःचाच नव्हे, दुसऱ्याचाही जीव आणि मालमत्ता राखता येते. जिवावर बेतण्याची, जबर दुखापतीची, बलात्काराची, पळवून नेण्याची रास्त भीती असेल तर समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत तो हक्क जातो. मालमत्तेच्या बाबतीत जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग अशा मोजक्या प्रसंगांत. बोरांच्या हंगामात कुणी बागेतली दोन पाट्या बोरं उचलली, तर त्याला धरता येतं, गरजेपुरतं अडवता येतं, जिवे मारता येत नाही. बागेचा मालक पोलीस असला तरी नाही.

मर्यादा 99 व्या कलमात आहेत. सरकारी संरक्षण मागायला वेळ असेल तर हक्क नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. पहिली अट पोलिसाला विचित्र अडकवते. सरकारी संरक्षण मागायचं कुणाकडे, तर त्याच्याच ठाण्याकडे. सरकारी वकील उलटतपासणीत नेमकं तिथेच बोट ठेवतो : तुम्ही स्वतः पोलीस, ठाण्याचा नंबर तुम्हाला पाठ, मग फोन का नाही केला? इतर कुणापेक्षा हा प्रश्न पोलिसाला जड जातो.

त्याच कलमाच्या खाली दोन स्पष्टीकरणं आहेत. सुटीवर गावी आलेल्या शिपायाच्या दृष्टीने सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा मजकूर तो. सरकारी नोकर सद्भावनेने, आपल्या पदाच्या नात्याने काही करत असेल, तर त्याच्याविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क चालत नाही, जिवाची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असल्याशिवाय. पण हा सरकारी नोकर आहे हे समोरच्याला ठाऊक नसेल, तसं मानायला कारणही नसेल, तर त्याचा हक्क शाबूत राहतो. आता लुंगी-बनियनवर बाहेर आलेला शिपाई डोळ्यांपुढे आणा. अंधारात त्याने एका पोराची गचांडी धरली. पोराला तो कुणी गुंड वाटला आणि पोराने दगड घातला. कायदा पोराकडून बोलू शकतो. छातीवर बक्कल नंबर असता तर गोष्ट वेगळी होती. म्हणून नव्या पोरांना मी सांगायचो, वर्दी अंगावर नसेल तर आधी मोठ्याने ओरडा, मी पोलीस आहे. आजूबाजूच्या दोघांनी ते ऐकलेलं असलं म्हणजे कोर्टात फार मदत होते.

वर्दी ही ढाल आहे तशी खूणही आहे, हे आमच्या जिल्ह्याने जुन्या काळीच पाहिलंय. मे 1930 मध्ये सोलापुरात लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळीबार केला आणि दोन पोलीस जमावाच्या हाती सापडून मेले. पुढे मार्शल लॉ लागला. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी झाली. त्या चौघांना जिल्हा हुतात्मे म्हणतो. वर्दीतल्या माणसाच्या जिवाचं आणि त्याच्या बंदुकीचं मोल लोक वेगवेगळ्या तराजूंत करतात, हे तिथून शिकण्यासारखं आहे.

हक्क कधी संपतो, हे कोर्टांनी वारंवार सांगितलं. 1962 चा जयदेव विरुद्ध पंजाब हा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा पैरवीवाल्यांना तोंडपाठ असतो. जमिनीच्या भांडणात हल्ला झाला, तोवर आरोपींना स्वसंरक्षणाचा हक्क होता. हल्लेखोर पळायला लागले तिथे हक्क संपला, आणि त्यानंतर झाडलेली गोळी खुनात गेली. शेतकऱ्याला पळणाऱ्याच्या मागे धावायचं कारण नसतं. पोलिसाला असतं, कारण पळणाऱ्याला पकडणं हे त्याचं कामच. म्हणून घसरतो तो पोलीसच. पाठलाग करणं कर्तव्यात बसतं, पाठीत मारणं स्वसंरक्षणात बसत नाही. हक्क ओलांडला गेला पण मनात सूड नव्हता, असं ठरलं तर गुन्हा खुनाऐवजी सदोष मनुष्यवधावर येतो. तुरुंग मात्र चुकत नाही, आणि तुरुंग म्हटला की नोकरी गेलीच.

कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याला महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या 161 व्या कलमात मुदतीचं संरक्षण आहे. ठरलेल्या मुदतीनंतर खटला भरता येत नाही. तेही सैल नाही. साठच्या दशकात महाराष्ट्रातल्याच खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की संशयितांना डांबून मारणं किंवा लाच खाणं याचा कर्तव्याशी काही संबंध नाही आणि तिथे हे संरक्षण मिळणार नाही. ठाण्यातल्या मारहाणीला जे मिळालं नाही, ते घरच्या बांधाच्या भांडणाला कुठून मिळणार?

हत्याराचंही तसंच. सरकारी हत्यार कामासाठी नावावर निघतं आणि राऊंड मोजून परत जमा होतं. शस्त्र कायद्याची सूट सरकारी नोकराला कर्तव्याच्या ओघात बाळगलेल्या शस्त्रापुरतीच. घरात पिस्तूल ठेवायचं तर इतरांसारखाच परवाना काढावा लागतो. साध्या शिपायाकडे घरी असते ती काठी, आणि ती सरकारने दिलेली नसते.

1990 च्या दशकातल्या मुंबईतल्या चकमकींवरून पुढे खटला चालला आणि 23 सप्टेंबर 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सोळा निर्देश दिले. पोलिसाच्या गोळीने माणूस मेला तर गुन्हा नोंदवायचा, तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याने करायचा, दंडाधिकारी चौकशी करायची, हत्यार जमा करायचं, आणि लगेच बढती किंवा शौर्यपदक नाही. 'मी जीव वाचवला' हे म्हणणं वर्दीतल्या माणसालाही सिद्ध करावं लागतं, हे त्याने पक्कं झालं. 1 जुलै 2024 पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. 96 ते 106 ची आता 34 ते 44 झाली. गाभा तोच राहिला.

खात्यातले काही मित्र म्हणतात, आम्हाला चोवीस तास बांधलंय तर हक्कही वाढवून द्या. मला ते पटत नाही. गावात राहणाऱ्या पोलिसाला शेजाऱ्यापेक्षा जास्त मारण्याचा हक्क दिला, तर बांधाच्या प्रत्येक भांडणात तो हक्क उभा राहील, आणि भावकीतली माणसं त्याला दारात उभं करणार नाहीत. मागायचं तर दुसऱ्या बाजूने मागावं. 2016 मध्ये मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग झाला. त्यासाठी आराखडा मांडणारा माणूस पोलीस शिपाईच होता, रवींद्र पाटील. सदैव कामावर असण्याचं ओझं कमी करा, ही मागणी रास्त आहे. स्वसंरक्षणाचा हक्क शेतकऱ्याला पुरतो तेवढाच पोलिसालाही पुरतो. फक्त त्याने तीन गोष्टी पाळाव्यात : मी कोण आहे ते आधी ओरडून सांगायचं, समोरचा पळाला की हात खाली घ्यायचा, आणि त्याच रात्री ठाण्यात जाऊन आपल्या तोंडाने जसं घडलं तसं नोंदवायचं.